‘प्रभाव पडला’ असं लिहिण्याआधी : दहा राग, एक डिस्को ठेका आणि एक निसरडा शब्द

गेल्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरनं तिचा संशोधन आराखडा मला वाचायला पाठवला. विषय बघूनच मी खूश झालो : मुंबईतलं वाद्यसंगीत आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रं. भाषा स्वच्छ, मांडणी नीट. पण दुसऱ्याच परिच्छेदात एक वाक्य होतं : ‘चरणजित सिंग यांच्या १९८२ सालच्या अल्बमचा पाश्चात्त्य ॲसिड हाऊस संगीतावर मोठा प्रभाव पडला.’ मी बाजूला लिहिलं, ‘कुणावर? कोणत्या रस्त्यानं?’ दहा मिनिटांत तिचा फोन आला. “अरे दादा, सगळीकडे हेच लिहिलंय की!”

मला तिला हसता आलं नाही. कारण हाच मार मी स्वतः खाल्लेला आहे. माझा विषय भिवंडी पट्ट्यातल्या बेंजो पार्ट्यांचा. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मी ‘सिनेसंगीताचा प्रभाव’, ‘पाश्चात्त्य संगीताचा प्रभाव’, ‘डिस्कोचा प्रभाव’ असे प्रभावच प्रभाव टाकले होते. समितीतल्या एका सरांनी एकच प्रश्न विचारला : “हा प्रभाव वळ गावात आला कसा? एसटीनं?” सगळे हसले, मीही हसलो, आणि सिनॉप्सिस परत आलं. सहा महिने गेले. चूक माझीच होती. दोन गोष्टी सारख्या दिसल्या, त्यातली एक आधीची होती, म्हणून मी मधे ‘प्रभाव’ हा शब्द ठेवून मोकळा झालो होतो.

म्हणून आजचा लेख या एका शब्दावर. त्यासाठी मी दोन वाद्य-अल्बम घेतो. एक न्यू ऑर्लिन्सचा, १९६९ चा. दुसरा आपल्या मुंबईचा, १९८२ चा. पहिल्याचा प्रभाव दाखवता येतो. दुसऱ्याबद्दल जो प्रभाव सांगितला जातो, तो दाखवता येत नाही. आणि तरीही माझ्या मते दुसरा अल्बम आपल्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. हे तिन्ही एकाच वेळी कसं खरं असू शकतं, ते बघू.

न्यू ऑर्लिन्स, १९६९

‘द मीटर्स’ नावाचा चौघांचा बँड होता. ऑर्गनवर आर्ट नेव्हिल, गिटारवर लिओ नोसेन्टेली, बेसवर जॉर्ज पोर्टर ज्युनियर आणि ड्रमवर झिगाबू मोडेलिस्ट. ॲलन टूसाँ या निर्मात्यासाठी हे लोक इतर गायकांच्या मागे साथ करायचे. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर ‘म्युझिशियन’. गाणं एकाचं, नाव एकाचं, वाजवणारे मागे. १९६९ मध्ये त्यांचा स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला, आणि त्यात गायन नव्हतंच. नुसती वाद्यं. त्यातली ‘सिसी स्ट्रट’ ही धून अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली.

फंक म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : या संगीतात सुरावटीपेक्षा ठेका मोठा. गिटारसुद्धा सूर लांबवत नाही, ठेक्यातला एक तुकडा होऊन बसते. कॉर्ड फारशा बदलत नाहीत. मीटर्सची खासियत म्हणजे त्यांनी मधल्या जागा रिकाम्या ठेवल्या. ड्रमचा ठोका जिथे अपेक्षित तिथे नाही, किंचित बाजूला. यामागे न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या मिरवणुका आहेत. तिथे ब्रास बँडच्या मागे नाचत चालणाऱ्या लोकांची जी दुसरी रांग असते, तिच्या नावानं तो ठेकाच ओळखला जातो. हळदीच्या वरातीत टेम्पोमागे नाचलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता प्रभावाचं बघा. मीटर्सनी १९७३ मध्ये डॉ. जॉन या गायकाच्या ‘इन द राइट प्लेस’ अल्बमला साथ केली. १९८५ मध्ये ‘रेड हॉट चिली पेपर्स’ या रॉक बँडनं मीटर्सचं ‘आफ्रिका’ हे गाणं शब्द बदलून स्वतःच्या अल्बमवर घेतलं. १९८७ मध्ये हिपहॉपमधल्या ‘पब्लिक एनिमी’नं त्यांच्या एका रेकॉर्डचा तुकडा कापून आपल्या ‘टाइमबॉम्ब’मध्ये वाजवला. प्रत्येक वेळी रस्ता दिसतो. कुणी ऐकलं, काय घेतलं, कुठे वापरलं, हे रेकॉर्डवर ऐकू येतं आणि श्रेयनामावलीत वाचताही येतं.

इथेही एक खाचखळगा आहे, तो चुकवू नका. मी वर सांगितलेली दोन्ही गाणी, चिली पेपर्सनी घेतलेलं आणि पब्लिक एनिमीनं कापलेलं, मीटर्सच्या १९७४ च्या अल्बममधली आहेत, पहिल्या अल्बममधली नाहीत. म्हणजे हा पुरावा ‘मीटर्सच्या प्रभावाचा’ आहे, ‘पहिल्या अल्बमच्या प्रभावाचा’ नाही. पहिल्या अल्बमसाठी पुरावा शोधायचा तर ‘सिसी स्ट्रट’ कुणी कुणी वाजवलं, तिथून सुरुवात करावी लागेल. परीक्षक असाच प्रश्न विचारतात. तुमच्या शीर्षकात अल्बम असेल तर पुरावाही त्या अल्बमचाच हवा.

मुंबई, १९८२

आता आपल्याकडे या. चरणजित सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. जन्म १९४० चा. बेस, गिटार, कीबोर्ड, अशी बरीच वाद्यं हाताशी. शंकर-जयकिशन, राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे त्यांनी वाजवलं. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधल्या ‘दम मारो दम’मध्ये ट्रान्झिकॉर्ड हे कीबोर्डसारखं इलेक्ट्रॉनिक वाद्य त्यांनीच वाजवलेलं. सिनेमातल्या गाण्यांच्या वाद्यधुनांच्या रेकॉर्डही त्यांच्या नावावर होत्या. त्यामुळे १९८२ चा अल्बम हा काही त्यांचा पहिला अल्बम नाही. पण तो सिनेमाच्या बाहेरचा होता, आणि त्यात त्यांनी जे केलं ते तोवर कुणी करून बघितलेलं नव्हतं.

अल्बमचं नाव ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. एचएमव्ही, म्हणजे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियानं काढला. दहा राग : भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघ मल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. प्रत्येक साधारण पाच मिनिटांचा. गायन नाही, तबला नाही, तानपुरा नाही. तीन यंत्रं : रोलंड कंपनीचा ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हे बेसलाइन वाजवणारं छोटं यंत्र. ही जपानी यंत्रं त्यांनी सिंगापूरहून आणली होती.

काळ आठवा. ‘कुर्बानी’तलं (१९८०) बिद्दू यांचं ‘आप जैसा कोई’ गाजून झालेलं. ‘डिस्को डान्सर’ १९८२ च्या शेवटी येणार होता. सिनेमात जिकडेतिकडे डिस्को. पुढे २०११ मध्ये ‘द गार्डियन’ला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितलेली कल्पना अगदी साधी आहे : सिनेमात डिस्को भरपूर चाललंय, तर आपण काहीतरी वेगळं करू, राग ठेवू, तबला काढू, ठेका डिस्कोचा देऊ.

रागांचा क्रम बघितलात तर आणखी एक गोष्ट कळते. सुरुवात भैरवनं, म्हणजे सकाळ. मग ललत, म्हणजे पहाटेकडे मागे. मग भूपाळी, संध्याकाळ. मग तोडी, पुन्हा सकाळ. शेवटी मालकंसच्या मध्यरात्रीनंतर बैरागी, परत सकाळ. रागांचं वेळापत्रक इथे पाळलेलंच नाही. बैठकीतल्या गायकानं असं केलं असतं तर लोक उठून गेले असते. पण ही रेकॉर्ड बैठकीसाठी नव्हतीच. अल्बमचा ऐकणारा कोण गृहीत धरलाय, याचा पुरावा कव्हरच्या मागे छापलेल्या यादीत आहे. साधन डोळ्यांसमोर असतं, आपण प्रश्न विचारत नाही इतकंच.

रेकॉर्ड फारशी खपली नाही. विषय तिथेच संपला होता.

मग शिकागो कुठून आलं?

टीबी-३०३ या यंत्राची गोष्ट गमतीची आहे. एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून रोलंडनं ते बनवलं. खऱ्या बेस गिटारसारखा आवाज त्यातून निघेना, सूर भरण्याची पद्धत किचकट, त्यामुळे ते पडलं. १९८४ मध्ये उत्पादन बंद. तोवर सुमारे १०,००० यंत्रं बनली होती, ती जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागली. शिकागोत ‘फ्यूचर’ नावाच्या तिघांनी असं एक यंत्र घेतलं, त्यात एक बेसलाइन चालू ठेवली आणि ती वाजत असतानाच त्याची बटणं फिरवत बसले. आवाज चिरकायला, कण्हायला, गिळल्यासारखा यायला लागला. त्याच आवाजाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही अकरा-बारा मिनिटांची रेकॉर्ड १९८७ मध्ये आली. ॲसिड हाऊस या प्रकाराची ती सुरुवात मानली जाते.

२००२ मध्ये एदो बाऊमन नावाच्या डच रेकॉर्ड-संग्राहकाला दिल्लीत चरणजित सिंग यांची ती जुनी रेकॉर्ड सापडली. त्याच्या कानांना ते ॲसिड हाऊस वाटलं. पण तारीख १९८२! २०१० मध्ये त्यानं आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या लेबलवर ती पुन्हा काढली आणि युरोपात खळबळ उडाली. ‘ॲसिड हाऊसचा शोध मुंबईत लागला’ असे मथळे आले. आपल्याकडच्या वेबसाइटींनी तेच उचललं, आणि उचलता उचलता ‘आधी’चं ‘प्रभाव’ झालं. माझ्या ज्युनियरनं जे वाक्य लिहिलं ते तिथून आलेलं.

आधी साधन तपासा

गंमत म्हणजे काही लोकांना वाटलं, रेकॉर्डच बनावट असणार. एफेक्स ट्विन या ब्रिटिश संगीतकारानं गुपचूप केलेला खोडसाळपणा असेल, अशीही कुजबुज झाली. शंका वाईट नसते, इतिहासात ती कामाला लावायची असते. इथे कशी लावाल?

पहिली कसोटी कालविपर्यासाची. शिवकाळातल्या म्हणवणाऱ्या पत्रात इंग्रजी अमदानीतला शब्द सापडला की ते पत्र संशयास्पद ठरतं, तसंच हे. टीआर-८०८ बाजारात आलं १९८० मध्ये, ज्युपिटर-८ १९८१ मध्ये आणि टीबी-३०३ त्याच सुमारास. म्हणजे रेकॉर्डमध्ये ऐकू येणारं एकही यंत्र १९८२ नंतरचं नाही. दुसरी कसोटी वस्तूची : एचएमव्हीच्या मूळ तबकड्या आहेत, हातात धरता येतात. तिसरी माणसाची : चरणजित सिंग तेव्हा हयात होते, यंत्रं कुठून आणली ते सांगत होते, आणि पुढे युरोपात जाऊन त्यांनी ते संगीत लोकांसमोर वाजवूनही दाखवलं. २०१५ च्या जुलैमध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

तीन वेगवेगळ्या प्रकारची साधनं एकच गोष्ट सांगतात. रेकॉर्ड खरी आहे, १९८२ ची आहे. ‘आधी’ हे सिद्ध झालं.

‘प्रभाव’ मात्र अजून झालेला नाही. त्यासाठी मुंबईची न खपलेली तबकडी शिकागोच्या त्या तीन पोरांपर्यंत पोचली होती, असं दाखवावं लागेल. तसा कोणताही धागा पुढे आलेला नाही. फ्यूचरनं स्वतः सांगितलेली हकिगत यंत्राशी खेळता खेळता सापडलेल्या आवाजाची आहे. त्यात भारतीय रेकॉर्ड कुठेच येत नाही.

सारखेपणा येतो कुठून?

प्रभाव नाही, तर मग दोन्ही इतके सारखे का वाटतात? हा खरा संशोधनाचा प्रश्न. दोन गोष्टी सारख्या दिसल्या की निदान तीन शक्यता तपासायच्या.

एक, थेट संबंध. याच्यानं त्याचं ऐकलं. मीटर्स आणि चिली पेपर्स.

दोन, उगम एकच. दोघांनी तिसऱ्याच ठिकाणाहून काहीतरी घेतलं. मुंबई आणि शिकागोत समान काय आहे? यंत्र. टीबी-३०३ मध्ये एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय आहे. आपल्या कानांना ती मींडेसारखी वाटते. त्यात एखाद्या सुरावर जोर देता येतो, आणि भरलेला तुकडा यंत्र न थकता पुन्हा पुन्हा वाजवतं. कुणीही ते यंत्र हाती घेतलं की या तीन गोष्टी त्याच्या संगीतात येणारच. १९८२ मध्ये हेच यंत्र इंग्लंडमधल्या ‘हेवन १७’ या बँडनंही ‘लेट मी गो’ या गाण्यात वापरलेलं आहे. म्हणजे ‘पहिला वापर’ या दाव्यातही जपून पाऊल टाकायला हवं.

तीन, बांधणीतलं साम्य. हा मुद्दा मला सगळ्यात आवडतो. रागसंगीतात षड्ज हलत नाही. कॉर्ड बदलत नाहीत. एका स्थिर जमिनीवर सुरांची हालचाल चालते. ॲसिड हाऊसमध्येही कॉर्ड बदलत नाहीत, एकच तुकडा फिरत राहतो. फंकमध्येही बऱ्याचदा तेच. तिघांची घराणी वेगळी, पण घराचा पाया एकाच प्रकारचा. म्हणून तानपुरा काढून तिथे फिरती बेसलाइन बसवली तरी मालकंस मोडला नाही. रे आणि प वगळलेला तो राग, जमीन स्थिर असली की उभा राहतो.

आणि फरक? तोही लिहायचा असतो. ‘ॲसिड ट्रॅक्स’मध्ये सुरावट जवळजवळ नाही; बटण फिरवल्यानं आवाजाचा पोत बदलतो, तेच संगीत. चरणजित सिंग यांच्याकडे बेसलाइन ही जमीन आहे आणि वर ज्युपिटर-८ वर राग चाललाय, आलापासारख्या छोट्या फिरती, मग द्रुत तुकडे. एकात यंत्र पुढे, दुसऱ्यात राग पुढे. फक्त साम्य लिहिलंत तर तो आढावा होतो, फरकही लिहिलात तर अभ्यास होतो.

इथे एक सापळा सांगून ठेवतो. टीबी-३०३ मध्ये तुकडा सोळा घरांचा असतो. तीनताल सोळा मात्रांचा. झालं! लगेच कुणीतरी लिहितो, ‘यंत्रातच तीनताल दडलेला आहे.’ मीही वहीत हे वाक्य लिहिलं होतं, खाली दोन रेघा मारून. पण यंत्रातली सोळा घरं म्हणजे चार ठोक्यांचे प्रत्येकी चार भाग. तीनतालात सम असते, नवव्या मात्रेवर खाली असते, ठेक्याचे बोल ठरलेले असतात. आकडा जुळला म्हणून कल्पना जुळत नाही. ज्या साम्यामुळे तुम्हाला सगळ्यात जास्त आनंद होतो, ते सगळ्यात आधी तपासा.

वळमधली साक्ष

आता माझ्या गावात या. माणकोली नाक्याकडून आत आलात की गोदामांच्या रांगा सुरू होतात. वळ, पूर्णा, दापोडे, राहनाळ. दिवसभर कंटेनर, रात्री कंटेनर. पण लग्नसराईत हळदीच्या रात्री गावात बेंजो वाजतो, आणि त्यात गाणारा नसला तरी चालतं. गाणं सगळ्यांना पाठ असतं, बेंजोवाला फक्त चाल वाजवतो आणि बाया-पोरी-म्हातारे सगळे नाचतात. म्हणजे वाद्यसंगीतावर नाचणं ही आमच्याकडे नवलाईची गोष्ट नाहीच.

त्या बेंजोचा माग काढलात तर कुठे पोचाल? अमेरिकन बँजोकडे नाही. नाव फसवं आहे. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग, आणि बुलबुल तरंग आला जपानच्या ताइशोगोतोपासून. नागोयाच्या गोरो मोरितानं १९१२ मध्ये ते वाद्य बनवलं, तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवून. तिथे ते घरात बसून वाजवायचं वाद्य. आपल्याकडे त्याला पिकअप लावून ॲम्प्लिफायरला जोडलं, टेम्पोवर चढवलं आणि वरातीपुढे काढलं.

त्याच टेम्पोवर बेंजोशेजारी आणखी एक वस्तू असते. आठ चौकोनी रबरी पॅड, ज्यावर पोरगा काठ्यांनी वाजवतो. त्याला सगळे ‘ऑक्टोपॅड’ म्हणतात. हे नाव रोलंड कंपनीचं आहे. पहिला ऑक्टापॅड त्यांनी १९८५ मध्ये काढला. म्हणजे चरणजित सिंग यांच्या टेबलावर ज्या कंपनीची यंत्रं होती, शिकागोच्या पोरांनी ज्या कंपनीचं टाकून दिलेलं यंत्र घेतलं, त्याच कंपनीचं नाव वळच्या हळदीत रोज घेतलं जातं. आम्ही फक्त ‘ऑक्टा’चं ‘ऑक्टो’ केलं.

माझं पहिलं सिनॉप्सिस इथे घसरलं होतं. मी लिहिलं होतं, ‘बेंजो पार्ट्यांवर डिस्कोचा प्रभाव’. आता मी विचारतो : पॅड कुणी आणलं? कितीला घेतलं? नवं की जुनं? त्यात कोणते आवाज भरले, कुणी भरून दिले? वाजवायला कुणाकडून शिकला? या प्रश्नांची उत्तरं देणारी माणसं समोर बसलेली आहेत, चहा पीत. प्रभाव एसटीनं आला का, हा सरांचा प्रश्न चेष्टेचा नव्हता. प्रभाव कुठल्यातरी वाहनानंच येतो : रेकॉर्ड, कॅसेट, माणूस, यंत्र, दुकान. वाहन सापडलं की वाक्य लिहायचं.

मग चरणजित सिंग लहान होतात का?

ज्युनियरनं मला फोनवर हेच विचारलं. जरा दुखावूनच. “म्हणजे आपल्या माणसाला श्रेय द्यायचंच नाही?”

उलट आहे. विचार करा. एक माणूस तीन दशकं मुंबईच्या स्टुडिओत वाजवतो. त्याचं वाजवणं लाखो लोक ऐकतात, पण तबकडीवर नाव संगीतकाराचं, गायकाचं, गीतकाराचं. त्याच्याबद्दल जग कधी बोलायला लागतं? एका परदेशी माणसाला त्याची रेकॉर्ड शिकागोच्या रेकॉर्डसारखी वाटते तेव्हा. आणि आपणही त्याचं मोठेपण कशात मोजतो? त्यानं शिकागोला काय दिलं यात. ‘प्रभाव’ हा शब्द इथे सन्मान वाटतो, पण त्यात गृहीत काय आहे बघा : खरा इतिहास तिकडे घडतो, आपला माणूस त्याच्या आधी येऊन गेला म्हणून त्याला जागा.

ती रेकॉर्ड मुंबईच्याच इतिहासात ठेवून बघा. मग प्रश्न बदलतात. सिनेसंगीतातल्या वादकांच्या हाती परदेशी यंत्रं कशी येत होती? रागाचं शिक्षण आणि स्टुडिओची शिस्त एकाच माणसात कशी एकत्र आली? एचएमव्हीनं असली रेकॉर्ड काढायला होकार का दिला असेल? खपली नाही याचा अर्थ काय लावायचा? ग्रेगरी बूथ यांचं ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) हे पुस्तक याच वादकांच्या मुलाखतींवर उभं आहे. नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) मुंबईच्या जॅझचा माग काढतं. दोन्ही वाचा, आणि मग त्या परंपरेत ही रेकॉर्ड ठेवून बघा. ती कुणाची पूर्वज म्हणून नव्हे, स्टुडिओतल्या एका वादकानं स्वतःच्या नावावर केलेलं काम म्हणून उभी राहते. मीटर्सचंही तेच होतं, आठवतंय ना? मागे वाजवणारी माणसं एकदा पुढे आली होती.

आणि हो, ‘भारतातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत’ असंही लिहू नका. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये मूग सिंथेसायझर बसवलेला होता आणि त्यावर गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासारख्यांनी काम केलं होतं. त्या टेपा कित्येक वर्षं संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या संशोधक-कलावंतानं त्या अलीकडे उजेडात आणल्या. ‘पहिला’ हा शब्द पुढच्या कपाटातून दुसरी टेप निघेपर्यंतच टिकतो.

एक गोष्ट मात्र ठामपणे लिहिता येते. या अल्बमचा प्रभाव सुरू होतो २०१० पासून. तेव्हापासून लोक तो ऐकतात, त्यावर लिहितात, मैफलींना बोलावतात, त्यातून संगीत करतात. प्रसिद्ध झाल्यावर तब्बल २८ वर्षांनी. ही तारीख ‘१९८७ वर प्रभाव’ या वाक्याइतकी झगमगती नाही, पण तिला पुरावा आहे.

तुमच्या आराखड्यासाठी

आराखडा उघडा आणि ‘प्रभाव’ हा शब्द शोधा. जिथे जिथे सापडेल तिथे थांबून स्वतःला विचारा : कुणाचा, कुणावर, केव्हा, कोणत्या वाहनानं, आणि हे खोटं ठरवायचं तर काय सापडावं लागेल? पाचही उत्तरं असतील तर शब्द राहू द्या. नसतील तर त्याच्या जागी प्रामाणिक शब्द घाला : ‘साम्य’, ‘समांतर’, ‘आधीचं उदाहरण’, ‘नंतरचं स्वागत’. हे शब्द छोटे वाटतात. पण छोट्या शब्दावर प्रश्न आला तर तुम्ही उभे राहू शकता. माझं दुसरं सिनॉप्सिस अशाच शब्दांवर पास झालं.

परवा ज्युनियरचा नवा मसुदा आला. वाक्य आता असं आहे : ‘चरणजित सिंग यांचा १९८२ चा अल्बम आणि शिकागोतलं ॲसिड हाऊस यांच्यात दिसणारं साम्य समान यंत्र आणि समान संगीतबांधणी यांतून कसं निर्माण झालं, याचा शोध.’ खाली तिनं कंसात लिहिलंय : ‘दादा, आता मुंबईतल्या जुन्या वाद्यांच्या दुकानदारांना भेटायला जाते. ही यंत्रं त्या काळात कुणाकुणाकडे होती ते विचारते.’

मी या वेळी समासात काहीच लिहिलं नाही. फक्त जाताना रेकॉर्डर चार्ज करून ने, एवढंच कळवलं.